सहलीच्या गॅस शेगडीचा रेग्युलेटर गळत असेल तर गळती कशी शोधावी, काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

सहलीच्या ठिकाणी शेगडी मांडली आणि गॅसचा वास आला, की ‘रेग्युलेटर गळतोय’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. प्रत्यक्षात टाकीच्या तोंडातले वायसर (रबराची गोल कडी), रेग्युलेटरचे पोट, नळीची टोके, नळीचे अंग आणि शेगडीची चावी अशा पाच ठिकाणांहून गॅस निसटू शकतो, आणि वास मात्र पाचही ठिकाणांचा एकच असतो. रेग्युलेटर बदलूनही वास जात नाही अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते की गळका भाग जागेवरच राहिलेला असतो आणि चांगला भाग बदललेला असतो. म्हणून या लेखात भर ठिकाण शोधण्यावर आहे. रेग्युलेटर ही उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. नळी बदलणे, क्लिप बदलणे आणि जोडाची तोंडे स्वच्छ करणे एवढेच आपल्या हाती असते. त्यापलीकडचा दोष सापडला तर तो भाग बदलून घ्यायचा असतो.

कोल्हापूर परिसरात बाहेर स्वयंपाक करण्याच्या दोन रीती आहेत आणि दोहोंची साधने वेगळी आहेत. रविवारी एखाद्याच्या शेतात किंवा नदीकाठी पंचवीस-तीस माणसांचा तांबडा-पांढरा शिजवणारी रस्सा मंडळे ५ किलोची टाकी, नळी आणि एक-दोन बर्नरची शेगडी घेऊन जातात, तर जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे गिर्यारोहक तळहातावर मावेल एवढी शेगडी आणि स्क्रूने बसणारी गॅसची छोटी डबी पाठीवर वाहतात. पुढचे बहुतेक विवेचन पहिल्या प्रकाराला लागू आहे. डबीच्या शेगडीबद्दल नंतर स्वतंत्रपणे लिहिले आहे.

वास आला त्या क्षणी

आजूबाजूची प्रत्येक ज्योत विझवावी, म्हणजे दुसरी चूल, उदबत्ती, कोणाच्या हातातली विडी, सगळेच. रेग्युलेटरचा नॉब बंद करावा, शेगडीच्या चाव्या बंद कराव्यात आणि माणसांना वाऱ्याच्या उलट दिशेला, शक्यतो चढाच्या बाजूला हलवावे. चढाची बाजू सांगण्याचे कारण असे की आपल्या टाकीत जो गॅस असतो तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असून प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. निसटलेला गॅस वर उडून न जाता जमिनीलगत सरकतो आणि खळग्यात, चरात, तंबूच्या तळाशी किंवा उसाच्या सरीत साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असले की एखादी ठिणगी पुरते. जवळ उभी असलेली गाडी ‘जरा पुढे घेतो’ म्हणून चालू करण्याचा मोह होतो. तो याच कारणाने टाळावा.

जोडापाशी ज्योतच धरली असेल तर विचार वेगळा करावा लागतो. हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर ओले गोणपाट किंवा जाड ओले कापड हातावर घेऊन नॉब बंद करावा. गॅस थांबला की ज्योत आपोआप विझते. नॉब बंद होत नसेल तर पाणी मारून नुसती ज्योत विझवण्याचा हट्ट धरू नये, कारण ज्योत विझूनही गॅस येतच राहिला तर तो न जळता पसरतो आणि दुसऱ्या ठिणगीची वाट पाहतो. अशा वेळी सगळ्यांनी दूर जावे आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. नुसती गळती असेल आणि ती थांबत नसेल तर एलपीजीसाठी १९०६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. पन्हाळ्याच्या मागच्या उतारावर किंवा गगनबावड्याच्या घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे टाकी नेहमी मोकळ्या आणि वारा खेळणाऱ्या जागी, माणसांपासून अंतर राखून ठेवणे हीच तिथली खरी तयारी ठरते.

वास थांबला म्हणजे तपासणी लगेच सुरू करावी असे नाही. वाऱ्याने जागा मोकळी होईपर्यंत थांबावे आणि मगच टाकीजवळ जावे.

रेग्युलेटरच्या पोटात काय असते

गळतीचे ठिकाण ओळखायचे तर रेग्युलेटर काम कसे करतो हे थोडेसे ठाऊक असावे लागते. टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्यावरच्या वाफेचा दाब ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असला तरी नेहमीच वातावरणाच्या दाबाच्या काही पट असतो. शेगडीला मात्र सुमारे ३० मिलीबार, म्हणजे साधारण ३०० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकाच दाब लागतो. ही उतरण रेग्युलेटरमधला रबराचा पातळ पडदा, त्यावरची स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली छोटी झडप मिळून घडवून आणतात. पडद्याच्या एका अंगाला गॅस असतो आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. पडदा वरखाली होताना त्या बाजूची हवा आत-बाहेर व्हावी म्हणून रेग्युलेटरच्या वरच्या झाकणाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. हे श्वासाचे छिद्र नीट लक्षात ठेवावे, कारण निदानाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा तिथेच मिळतो.

घरगुती धाटणीच्या, दाबून बसवायच्या टाकीत आणखी एक सोय असते. टाकीच्या तोंडात स्प्रिंगवर बसलेली पिन असते आणि रेग्युलेटरचा नॉब चालू केल्यावरच रेग्युलेटरमधला दांडा त्या पिनेला खाली ढकलून वाट उघडतो. नॉब बंद असताना टाकीचे तोंड बंदच असते, मग रेग्युलेटर वर बसलेला असो वा नसो. टाकीच्या तोंडाच्या आतल्या खाचेत रबराची एक गोल कडी असते, तिलाच आपण वायसर म्हणतो. ती रेग्युलेटरच्या मानेभोवती घट्ट बसून जोड बंद करते. एवढी रचना लक्षात घेतली की नॉब चालू असताना आणि बंद असताना गळतीत पडणारा फरकच अर्धे उत्तर देतो.

फेसाची चाचणी

काडी पेटवून गळती शोधण्याची जुनी सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही. ती धोक्याची आहेच, शिवाय निदानासाठीही कुचकामी आहे, कारण बारीक गळतीची ज्योत उन्हात दिसत नाही. भांडी घासायचे पातळ साबण एक भाग आणि पाणी तीन-चार भाग असे मिश्रण करावे, ते फार ढवळून आधीच फेसाळ करू नये आणि मऊ कुंचल्याने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने जोडांवर सावकाश लावावे. काच पुसायच्या द्रवात अमोनिया असू शकतो आणि अमोनियामुळे पितळेला तडे जाऊ शकतात, म्हणून ते द्रव या कामासाठी वापरू नये.

चाचणी उघड्यावर, टाकी उभी ठेवून आणि शेगडीच्या चाव्या बंद ठेवून करावी. आधी नॉब बंद असताना टाकी आणि रेग्युलेटर यांच्या जोडाला भरपूर साबणपाणी लावावे आणि अर्धा मिनिट नुसते पाहत राहावे. मग नॉब चालू करून तोच जोड, त्यानंतर श्वासाचे छिद्र, झाकणाची कड, नळीचे रेग्युलेटरकडचे टोक, पूर्ण नळी, शेगडीकडचे टोक आणि शेवटी शेगडीच्या चाव्यांचे दांडे या क्रमाने पुढे जावे. क्रम टाकीकडून शेगडीकडे ठेवण्यात फायदा असा की जास्त दाबाची बाजू आधी तपासली जाते आणि मोठा दोष आधी सापडतो.

बुडबुडे वाचणे हेही एक कौशल्य आहे. ब्रश फिरवल्याने उठलेला फेस पांढरट, पसरट आणि विस्कळीत असतो. तो पाहता पाहता बसतो आणि पुन्हा येत नाही. गळतीचा बुडबुडा एकाच बिंदूतून टाचणीच्या डोक्याएवढा उगवतो, हळूहळू फुगतो, फुटतो आणि पुन्हा त्याच बिंदूतून दुसरा उगवतो. शंका वाटली तर तो भाग कापडाने कोरडा करून पुन्हा साबणपाणी लावावे. बुडबुडा पुन्हा त्याच जागी आला तर गळती आहे, हे निश्चित. पावसाची भुरभुर चालू असताना साबणपाणी धुऊन जाते आणि सगळे ठीक असल्याचा चुकीचा समज होतो, म्हणून पावसाळ्यात ही चाचणी आडोशाला पण मोकळ्या हवेत करावी, आणि त्याहूनही चांगले म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या अंगणात करावी.

नुसत्या वासावर विसंबून राहण्यात दोन अडचणी आहेत. गॅसला मूळचा वास नसतो. इथिल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते आणि सर्दी झालेल्या किंवा बराच वेळ त्याच वासात बसलेल्या माणसाला ते जाणवेनासे होते. उलट टाकी संपत आली की उरलेल्या द्रवात या द्रव्याचे प्रमाण वाढते आणि गळती नसतानाही वास भपकन येतो. टाकी हलकी लागत असेल, ज्योत मंदावली असेल आणि फेसाची चाचणी स्वच्छ असेल तर तो वास बहुधा अखेरच्या गॅसचा असतो.

कोणता बुडबुडा काय सांगतो

नॉब बंद असतानाही टाकीच्या तोंडापाशी बुडबुडे येत असतील तर दोष रेग्युलेटरचा नाही, टाकीतल्या पिनेचा आहे. खात्री करायची असल्यास रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडात थोडे पाणी ओतून पाहावे. टाकी पोहोचवणारी माणसेही असेच पाहतात. पाण्यातून बुडबुडे येत राहिले तर पिनेवर कचरा अडकलेला असतो किंवा तिची बैठक झिजलेली असते. पाणी टिपून घ्यावे, टाकीबरोबर आलेले दोरीचे प्लॅस्टिकचे टोपण तोंडावर घट्ट दाबून बसवावे, टाकी मोकळ्या जागी उभी ठेवावी आणि वितरकाला कळवावे. हे टोपण जोरदार गळतीही तात्पुरती आवरू शकते. रस्सा मंडळाच्या गडबडीत ते गवतात टाकून दिलेले अनेकदा दिसते, म्हणून रेग्युलेटर लावताच ते शेगडीच्या पायाला बांधून ठेवण्याची सवय लावावी. खिळ्याने किंवा पेचकसाने पिन टोचून ‘मोकळी’ करण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये, कारण पिन दाबली गेली की थेट टाकीच्या दाबाचा गॅस तोंडावर येतो.

नॉब बंद असताना जोड कोरडा राहतो आणि चालू करताच त्याच जोडाभोवती बुडबुडे येतात, हा सर्वांत वारंवार आढळणारा प्रकार आहे आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ते आतले वायसर असते. ते कडक झालेले असते, कुठेतरी कापलेले असते, खाचेत वाकडे बसलेले असते, किंवा मुळात जागेवरच नसते. मात्र वायसरला दोष देण्यापूर्वी जोड उघडून दोन्ही तोंडे पाहावीत. पन्हाळा आणि मसाई पठारावर जांभ्याची लाल माती आहे. टोपण न लावता ठेवलेल्या टाकीच्या तोंडात ती वाऱ्याने किंवा चिखलाच्या हातांनी जाते, आणि तिचा एक बारीक खडा वायसर आणि रेग्युलेटरची मान यांच्यामध्ये अडकला तरी जोड बसत नाही. रेग्युलेटरची मान स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, मानेवर ओरखडे आहेत का ते बोट फिरवून पाहावे, टाकीच्या तोंडातली माती कोरड्या कापडाच्या टोकाने टिपून काढावी आणि मग रेग्युलेटर पुन्हा बसवावा.

बसवतानाही एक बारकावा आहे. नॉब बंद ठेवावा, रेग्युलेटरच्या खालची काळी सरकती कडी वर उचलून धरावी, रेग्युलेटर सरळ खाली दाबावा आणि मग कडी सोडावी. खटका ऐकू येतो. त्यानंतर रेग्युलेटर वर ओढून पाहावा. तो सुटून येत असेल किंवा एका बाजूला कलत असेल तर कडीतले छर्रे जागेवर गेलेले नाहीत. अशा अर्धवट बसलेल्या रेग्युलेटरचा नॉब चालू केला की वायसर चांगले असूनही गळती होते. जोड साफ करून, नीट बसवूनही बुडबुडे येत असतील तर वायसर बदलणे आले. हे वायसर वितरकाच्या माणसाकडून बदलून घ्यावे. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात नळाचे वायसर हवे त्या मापाचे मिळते हे खरे, पण साधे रबर गॅसच्या संपर्कात फुगते आणि मऊ पडते. या कामासाठी गॅसला टिकणारे नायट्राइल रबर नेमक्या मापात लागते. ‘आजच्या पुरते’ म्हणून बसवलेले नळाचे वायसर पहिल्या तासात चांगले चालते, आणि नेमकी तीच गोष्ट फसवी ठरते.

श्वासाच्या छिद्रातून बुडबुडे आले तर आतला पडदा फाटलेला आहे किंवा त्याची कड सुटलेली आहे. इथे करण्यासारखे काहीही नाही. छिद्र एम-सीलने किंवा मेणाने बुजवले तर बुडबुडे थांबतात हे खरे, पण मग पडद्याला हलायला हवा मिळत नाही, दाबाचे नियंत्रण बिघडते आणि शेगडीवर जास्त दाबाचा गॅस जाऊ शकतो. झाकणाच्या कडेने बुडबुडे येणे, अंगाला तडा जाणे, नॉब मधेच अडकणे, नॉब बंद करूनही ज्योत बराच वेळ न विझणे, या सगळ्यांना एकच उपाय आहे: रेग्युलेटर बाद. बर्नरवरच्या ज्योती अचानक उंच होऊन छिद्रांपासून सुटून फडफडू लागल्या, तर वास येत नसला तरी रेग्युलेटर दाब आवरत नसल्याची ती खूण समजावी.

नळीच्या टोकाशी बुडबुडे येणे हा त्यातल्या त्यात समाधानाचा निकाल, कारण हे काम आपल्याला करता येते. आयएसआय चिन्ह असलेली, आतून तारेचे जाळे असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी; ती पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. मुदतीतल्या नळीचे फक्त टोक सैल झाले असेल तर धारदार पात्याने दोन-तीन सेंटिमीटर सरळ कापून टाकावे, टोक क्षणभर गरम पाण्यात धरून मऊ करावे आणि नॉझलवरच्या सगळ्या कंगोऱ्यांच्या पलीकडे जाईपर्यंत फिरवत सरकवावे. क्लिप वापरत असाल तर ती नळीच्या अगदी टोकाला न ठेवता कंगोऱ्यांवर येईल अशी बसवावी आणि नळी चेपेपर्यंत आवळू नये. अति आवळल्याने रबर कापले जाते आणि पुढच्या सहलीची गळती आजच तयार होते. नळीच्या अंगावर बुडबुडे असतील, ती वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा उंदराचे दात लागलेले असतील तर पूर्ण नळी बदलावी. दोन तुकडे मधे जोड देऊन वापरू नयेत आणि चिकटपट्टी गुंडाळण्याचा विचारही करू नये.

शेगडीकडे वास येतो पण एकही जोड फेसाळत नाही, असा एक प्रकार उरतो आणि तो चकवतो. वर्षातून दोन-चारदाच वापरल्या जाणाऱ्या शेगडीच्या मिश्रणनळीत, म्हणजे गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत, कोळी जाळे विणतो किंवा कुंभारमाशी मातीचे घर बांधते. मग गॅस बर्नरपर्यंत न पोहोचता हवेच्या झडपेतून मागे येतो, कधी तिथेच पेट घेतो, आणि आगीचा लोळ रेग्युलेटरच्या दिशेने दिसल्याने दोष त्याच्यावर जातो. बर्नर उचलून नळीत बारीक ब्रश फिरवावा. चावीच्या दांड्यातून बुडबुडे येत असतील तर शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडून चावीला ग्रीस करून घ्यावे.

पातेले मोठे, शेगडी लहान

काही गळती सदोष वस्तूंमुळे न होता मांडणीमुळे होते. टाकीच्याच डोक्यावर बर्नर बसवण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. त्यावर चहाचे भांडे ठेवले तर फारसे बिघडत नाही, पण मटणाचे रुंद पातेले ठेवले की त्याच्या बुडाखालची धग परतून खाली टाकीच्या तोंडावर येते, वायसर तापते आणि काही वापरांत कडक होऊन जाते. वर ते पातेले डळमळते ते वेगळेच. पंचवीस माणसांचा रस्सा करायचा असेल तर जमिनीवर पक्की बसणारी शेगडी आणि नळीची पूर्ण लांबी वापरून दूर ठेवलेली टाकी हीच मांडणी योग्य. वारा अडवण्यासाठी लावलेला पत्रा शेगडीभोवती असावा, टाकीभोवती नसावा.

टाकी आडवी ठेवून वापरणे हे दुसरे कारण. टाकी आडवी किंवा फार कललेली असली की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो, त्यामुळे ज्योत अचानक भडकते आणि रेग्युलेटर बाहेरून थंडगार पडतो. टाकीच्या अंगावर खालच्या भागात घाम किंवा पांढरा थर येणे हे गॅस वेगाने ओढला जात असल्याचे साधे लक्षण आहे; रेग्युलेटरवर किंवा जोडावर पांढरे बर्फ दिसणे मात्र साधे नाही. तिथे उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण त्या थंडीने कातडी भाजल्यासारखी होते. नॉब आधी कापड धरून बंद करावा. शेताच्या उतारावर टाकीखाली सपाट दगड घालून ती उभी करण्याचे काम एका मिनिटाचे असते.

स्क्रूच्या छोट्या डबीवरची शेगडी

गिर्यारोहकांच्या डबीत वाट उघडणारी झडप डबीतच असते आणि जोड बंद करणारी रबराची कडी शेगडीच्या बाजूला, आटे असलेल्या कॉलरच्या आत असते. त्यामुळे गळती दिसली तर आधी दुसरी डबी लावून पाहावी. दुसऱ्या डबीवरही गळती आली तर कडी दोषी, न आली तर पहिली डबी. शेगडी फिरवून बसवताना किंवा काढताना क्षणभर ‘फुस्स’ होणे स्वाभाविक आहे. फिरवणे थांबल्यावरही आवाज येत राहणे स्वाभाविक नाही. आटे तिरके पकडले गेले तर जोड घट्ट लागतो पण बसत नाही, म्हणून पहिले दोन फेरे बोटांच्या टोकांनी हलकेच द्यावेत, आणि शेवटी हाताच्या जोरावरच थांबावे, पक्कड लावू नये. कडी बदलायची तर शेगडीच्या कंपनीचीच घ्यावी आणि पाकिटात एक जादा ठेवावी. तिचे वजन नगण्य आहे. पावसात तंबूच्या आत शेगडी पेटवणे मात्र गळती नसली तरी वर्ज्य आहे, कारण बंद जागेत ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली प्रोपेनची घडीची शेगडी हल्ली काही घरांत दिसते. तिच्यासोबतचा वाकडा धातूचा रेग्युलेटर अमेरिकेत मिळणाऱ्या, साधारण एक पौंड गॅसच्या हिरव्या बाटलीसाठी बनवलेला असतो. ती बाटली विमानातून आणता येत नाही, म्हणून कोणीतरी इकडची टाकी जोडण्यासाठी तुकडा शोधतो. त्या शेगडीची जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, आपल्या घरगुती रेग्युलेटरहून बऱ्याच जास्त दाबासाठी छिद्रलेली असते, त्यामुळे घरगुती रेग्युलेटर लावल्यास ज्योत मरगळलेली राहते, आणि ती वाढावी म्हणून भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला की शेगडीच्या नाजूक जोडांतून गळती सुरू होते. अशी शेगडी इथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथेच उद्यमनगरचा विषय निघतो. लेथवर हव्या त्या मापाचा नॉझल, हवा तो आटा आणि हवा तो जोड उतरवून देणारे कारागीर आपल्या शहरात आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल कोणी शंका घेऊ नये. पण गॅसच्या जोडाची कसोटी मापावर संपत नाही. धातू कोणता, रबर कोणते, किती दाबावर तपासलेले, हे सगळे त्यात येते. कारागिराला पंपाचा जोड सांगावा, टाकीचा सांगू नये.

बदलून घेताना

टाकी आणि रेग्युलेटर एकाच वितरकाकडून घेतले तर तोंडाची मापे जुळण्याची चिंता उरत नाही. ५ किलोची टाकी ओळखपत्र दाखवून वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते. घेतानाच टाकीच्या वरच्या पट्टीवरचे अक्षर आणि साल वाचावे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तिमाही उलटून गेली असेल तर टाकीची चाचणी बाकी आहे असे समजून दुसरी मागावी. टोपण उघडून तोंडात वायसर आहे की नाही ते दुकानातच पाहावे. टाकी गाडीत उभी आणि बांधलेली न्यावी, उन्हात बंद डिकीत सोडू नये. रेल्वेने ती नेण्यास तर मनाईच आहे.

घरच्या जोडणीचा रेग्युलेटर बाद झाला असेल तर जोडणीच्या कागदांसह वितरकाकडे न्यावा आणि बदलून घ्यावा. तक्रार सांगताना ‘गळतो’ एवढेच न सांगता ‘नॉब चालू केल्यावर जोडाभोवती’ किंवा ‘झाकणाच्या छिद्रातून’ असे नेमके सांगितले तर समोरच्या माणसाला वायसर बदलायचे की रेग्युलेटर, हे लगेच कळते. बाजारातून स्वतंत्र घेतलेला रेग्युलेटर परत देण्याची सोय नसते. तो भंगारात टाकण्यापूर्वी त्याचे नॉझल हातोडीने चपटे करून टाकावे, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या टाकीवर जाऊन बसणार नाही.